ताई, ही गोळी बाहेर केवढ्याला मिळते?

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात तिथल्या, औषधाच्या खिडकीवर बसून मला आता बारा वर्षं होत आली आणि इथे मी सगळ्यात आधी जे शिकले ते औषधाबद्दल नव्हतं, आवाजाबद्दल होतं. ३० गोळ्यांची प्लास्टिकची बाटली असते ना, ती नवीन असताना वाजत नाही, पण आठ-दहा दिवस झाले की आत जागा होते आणि मग ती खुळखुळ्यासारखी वाजायला लागते, पर्समध्ये, पिशवीत, एसटीत, घरात कपाटातल्या साड्यांच्या मागे. आणि घरात सासू असते, जाऊ असते, कोणीतरी विचारतंच की कसला गं आवाज येतोय. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बायका येतानाच कापसाची गुंडाळी घेऊन येतात. खिडकीसमोरच बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढायचं, खोका आमच्याच डस्टबिनमध्ये टाकायचा, झाकण उघडून कापूस दाबून भरायचा, कानाजवळ धरून एकदा हलवून बघायचं आणि मग पिशवीत तळाशी. एक आजी तर सगळ्या गोळ्या ओव्याच्या डब्यात ओतून न्यायच्या. आधी मी रागवायचे, दमट हवेने गोळ्या खराब होतात, बाटलीतच ठेवायच्या म्हणून. नंतर रागवणं सोडलं आणि खिडकीत कापसाचा रोलच ठेवायला लागले.

तर मागच्या महिन्यात एक मुलगी आली, नवीनच सुरू झालेली, वय बावीस. काउन्सेलरकडून येऊन माझ्यासमोर उभी राहिली, मी बाटली दिली, रोज एक, एकाच वेळेला, चुकवायची नाही वगैरे सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "ताई, ही गोळी बाहेर केवढ्याला मिळते?" मी म्हटलं, अगं तुला फुकट आहे, बाहेरचं कशाला विचारतेस. तर म्हणाली, "तसं नाही. कधी बंद झाली इथे तर? विकत घ्यायची झाली तर?"

मागे चाळीस जणांची रांग, मी आपलं "बंद नाही होत, काळजी करू नकोस" म्हणून पुढचा नंबर घेतला. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण तिने जे विचारलं तोच या सगळ्याचा मुळातला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरत नाहीत. म्हणून हे लिहितेय.

आधी माझ्या मामाबद्दल सांगते, कारण मी या कामात आले ते त्याच्यामुळे. मामा ट्रकवर होता, मुंबई-बंगलोर लाईनला. १९९८ साली खंगायला लागला, खोकला जाईना, तोंडात पांढरं पांढरं, जेवण गिळता येईना. तपासणी झाली. तालुक्याला एका दवाखान्यात नेलं तर त्यांनी त्याला व्हरांड्याच्या शेवटच्या कोपऱ्यात खाटेवर ठेवला आणि जेवणाचं ताट लांबून सरकवायचे, मी तेव्हा शाळेत होते पण मला ते ताट सरकल्याचा फरशीवरचा आवाज अजून आठवतो. तिथल्याच एका डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की औषधं आता निघालीत, तीन औषधं एकत्र दिली की माणूस उभा राहतो, पण खर्च झेपणार नाही. महिन्याचा खर्च बाबांच्या पगाराच्या वर जात होता आणि तो महिना-दोन महिन्यांचा नाही, जन्मभराचा. आईने पाटल्या काढून दिल्या होत्या, बाबांनी त्या परत तिच्या हातात दिल्या. त्या पाटल्यांत फार तर तीन महिने निघाले असते आणि मग बंद करावं लागलं असतं. मामा १९९९ च्या दिवाळीआधी गेला.

मला हे खूप वर्षं कळलंच नव्हतं की औषध *होतं*. मला वाटायचं तेव्हा या रोगावर इलाजच नव्हता. फार्मसीला गेले आणि पुस्तकात वाचलं की १९९६ सालीच तीन औषधांचा एकत्र उपचार जगासमोर आला होता, व्हँकूवरच्या एड्स परिषदेत त्याचे रिझल्ट मांडले गेले होते आणि अमेरिका-युरोपात मरायला टेकलेली माणसं उठून कामावर जायला लागली होती. म्हणजे मामा गेला तेव्हा औषध येऊन तीन वर्षं झाली होती. फक्त त्याची किंमत एका माणसामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साडेचार ते सात लाख रुपये.

आणि आपण तरी इथे एका घराचं सांगतोय. आफ्रिकेत त्या वर्षांत गावंच्या गावं जात होती. साऊथ आफ्रिका, झिंबाब्वे, मलावी, झांबिया, युगांडा. शाळेत मास्तर उरले नाहीत, शेतं पडीक, घरात म्हातारी आजी आणि सात-आठ नातवंडं, मधली पिढीच नाही. २००२ संपताना सहाराच्या खालच्या सगळ्या आफ्रिकेत मिळून जेमतेम पन्नास हजार लोकांना औषध मिळत होतं, आणि लागण झालेले होते दोन कोटींच्या वर.

मग ते स्वस्त झालं कसं? मला लोक म्हणतात कंपन्यांनी दया दाखवली, अमेरिकेने पैसे दिले, त्यामुळे झालं. पैसे नंतर आले. आधी किंमत पडली, आणि ती आपोआप पडली नाही, लोकांनी पाडली. हे मला ठासून सांगायचंय.

त्याची सुरुवात आपल्याच एका कायद्यात आहे. १९७० चा पेटंट कायदा, लागू झाला १९७२ पासून. त्याआधी इंग्रजांच्या काळातला कायदा होता आणि औषधं आपल्याकडे जगात सगळ्यात महाग औषधांपैकी होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली रिपोर्ट दिला, त्यावरून पुढे हा कायदा झाला आणि त्यात एक साधी पण फार मोठी गोष्ट होती, की औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर. म्हणजे तुम्ही एका रस्त्याने रेणू बनवला, मी दुसऱ्या रस्त्याने तोच बनवला, तर मी चोर नाही. या एका कलमावर आपली सगळी औषध कंपन्यांची पिढी उभी राहिली, मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद, आपल्याकडे पाताळगंगा, कुरकुंभ, तिकडे गोव्यात वेर्णा. ज्या एमआयडीसीवरून जाताना आपण नाक दाबतो त्या एमआयडीसीतून जगाची औषधं जातात.

आता सिप्ला. मुंबईची कंपनी, १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली, गांधीजी १९३९ साली तिथे येऊन गेलेले. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद, केंब्रिजला शिकलेले केमिस्ट, कंपनीही चालवायचे आणि केमिस्ट्रीही कळायची. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनची बैठक होती, तिथे ते उभे राहिले आणि तीन गोष्टी देऊ केल्या: तिन्ही औषधं वर्षाला आठशे डॉलरला देतो, ज्या देशाला स्वतः बनवायचीत त्याला तंत्रज्ञान फुकट देतो, आणि आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून जे नेव्हिरापिन लागतं ते फुकट देतो. समोर मंत्री, अधिकारी, मोठमोठ्या कंपन्यांची माणसं. कोणी पुढे आलं नाही. मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी आकडा अजून खाली आणला, एमएसएफ म्हणजे ते सीमा न मानणारे डॉक्टर, त्यांना वर्षाला ३५० डॉलर, दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, अट एकच की पेशंटला फुकट द्यायचं. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली आणि त्या दिवसापासून कोणालाही म्हणता येईना की हे औषध महागच असतं. बनवायला किती लागतं ते सगळ्या जगाला दिसलं होतं.

पण मला फार्मासिस्ट म्हणून किमतीपेक्षाही एक गोष्ट जास्त मोठी वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तीन औषधं होती, स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन. तिकडे तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, तिघांचे पेटंट वेगळे, तिघांच्या बाटल्या वेगळ्या, त्यामुळे तिघी एकत्र येऊन एक गोळी काढणार नव्हत्या. आपल्याकडे पदार्थावर पेटंटच नसल्यामुळे सिप्लाने तिन्ही एका गोळीत घातली, ट्रायोम्युन, २००१ मध्ये. सकाळी एक, रात्री एक, बस. तुम्ही कधी मूठभर गोळ्या वेगवेगळ्या वेळेला देऊन बघा, एखाद्या शेतमजूर बाईला, जी सहाला घर सोडते आणि अंधार पडल्यावर येते, मग कळेल एका गोळीत किती जीव वाचतो. आणि एकत्र असल्यामुळे तीनपैकी दोनच घेतली, एक संपली, असं होत नाही, त्यामुळे विषाणू औषधाला सरावत नाही. गरिबांसाठी काढलेली ती साधी गोळी उपचार म्हणूनही जास्त चांगली होती, आणि अमेरिकेत वेगवेगळ्या कंपन्यांची औषधं एकत्र घालून दिवसाला एकच गोळी यायला २००६ साल उजाडलं.

याच काळात अमेरिकेच्या मदत खात्याचे प्रमुख, अँड्र्यू नॅट्सिओस, २००१ साली जाहीरपणे म्हणाले होते की आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांनी जन्मात घड्याळ पाहिलेलं नाही, त्यांना वेळेवर गोळ्या घ्यायला कसं जमणार. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका संताप आला होता की मी मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे अंगठा देणाऱ्या बायका येतात. एक सात-साडेसातच्या मालिकेच्या गाण्यावर गोळी घेते, एक शेवटची एसटी गेली की घेते, एक मशिदीच्या अजानवर घेते आणि ती स्वतः मुसलमान नाहीये. मी दर वेळी उरलेल्या गोळ्या मोजते, ते माझं कामच आहे, आणि यांच्या गोळ्यांचा हिशोब बरोबर निघतो. पुढे २००६ मध्ये अभ्यासही छापून आला की आफ्रिकेतले पेशंट गोळ्या घेण्यात उत्तर अमेरिकेतल्यांपेक्षा कमी नाहीत, उलट सरसच आहेत. पण तोपर्यंतची वर्षं गेली ती गेली.

साऊथ आफ्रिकेत काय झालं ते तर प्रत्येकाने वाचायला पाहिजे. मंडेलांच्या सरकारने १९९७ साली कायदा केला की स्वस्त औषधं बाहेरून आणता येतील. तर १९९८ मध्ये औषध कंपन्यांनी मिळून सरकारवर केस टाकली, ३९ कंपन्या, आणि वादींनी ज्यांच्यावर केस केली त्यांत राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला हे नाव. २७ वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसावर केस, का तर तो आपल्या माणसांना स्वस्त औषध आणू बघतोय. मार्च २००१ मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली, बाहेर रस्त्यावर हजारो माणसं, अंगात पांढरे टी-शर्ट आणि छातीवर मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही पॉझिटिव्ह'. लागण असलेल्यांनीही घातलेले, नसलेल्यांनीही. ही ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन, टीएसी, १९९८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली. त्यांचा एक पुढारी झॅकी अखमत, स्वतः पॉझिटिव्ह, त्याला औषध विकत घेता आलं असतं, पण त्याने जाहीर केलं की सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी घेणार नाही. मंडेला २००२ मध्ये त्याच्या घरी जाऊन आले, घे म्हणाले, तरी त्याने लगेच घेतलं नाही, २००३ मध्ये जाऊन सुरू केलं. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी केस मागे घेतली. सात आठवडेसुद्धा टिकले नाहीत त्या टी-शर्टांपुढे.

पण लढाई तिथे संपली नाही कारण नंतरचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनाच शंका, की हा रोग त्या विषाणूने होतो का, औषध म्हणजे विष आहे का. टीएसीला स्वतःच्या सरकारवर कोर्टात जावं लागलं, गरोदर बायकांना नेव्हिरापिन द्या म्हणून, आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या संविधान कोर्टाने द्या म्हणून सांगितलं. त्या उशिरामुळे तीन लाखांहून जास्त माणसं हकनाक गेली असा नंतर अभ्यासकांनी हिशोब मांडला. औषध स्वस्त होऊनही. म्हणून मी कधी असं म्हणत नाही की किंमत पडली की सगळं झालं.

केपटाऊनजवळ खायेलित्शा म्हणून वस्ती आहे, पत्र्याची घरं, आपल्या धारावी-मानखुर्दसारखी दाट. तिथे एमएसएफने २००० मध्ये क्लिनिक काढलं आणि मे २००१ पासून ही औषधं द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २००२ मध्ये मंडेला तिथे आले आणि त्यांनी तो पांढरा टी-शर्ट अंगात घातला, 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेला. त्याचा फोटो आहे. आमच्या इथे बाई लेबल खरवडून काढते आणि तिकडे देशाचा सगळ्यात मोठा माणूस तो शब्द छातीवर घेऊन उभा राहतो. मी तो फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, कधीकधी काउन्सेलिंगच्या खोलीत दाखवते.

तसेच युगांडाचे डॉक्टर पीटर मुगेनी. त्यांनी २००० मध्ये पेटंटची पर्वा न करता सिप्लाची औषधं मागवली, एंटेबी विमानतळावर माल अडवला गेला, आणि हे औषध सोडल्याशिवाय मी हलणार नाही म्हणून बसले. सोडावं लागलं.

या सगळ्यानंतर मग पैसे आले. २००२ मध्ये एड्स, टीबी, मलेरियासाठी देशांना पैसे देणारा ग्लोबल फंड, जानेवारी २००३ मध्ये बुश यांनी पेपफार हा अमेरिकेचा एड्ससाठीचा मदत कार्यक्रम जाहीर केला, पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर, आणि त्या भाषणात त्यांनी स्वतः सांगितलं की औषधाचा खर्च १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आलाय म्हणून आता हे शक्य आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये क्लिंटन यांच्या फाउंडेशनने भारतीय कंपन्या आणि एक साऊथ आफ्रिकन कंपनी यांच्याशी करार केला आणि किंमत वर्षाला १४० डॉलरच्या आत आली.

आणि आपण? हे मला लिहिताना अजूनही टोचतं. औषध मुंबईच्या कंपनीचं, पण आपल्या सरकारने फुकट एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, पहिल्यांदा आठ सरकारी हॉस्पिटलांत, त्यात मुंबईचं जे. जे. साऊथ आफ्रिकेचा सरकारी कार्यक्रमही त्याच एप्रिलमध्ये सुरू झाला. गोळी इथून जहाजात चढून आफ्रिकेत पोचत होती आणि सांगली-सातारच्या माणसाला ती परवडत नव्हती. ३५० डॉलर म्हणजे साडेसोळा हजार रुपये होतात, जगासाठी ते स्वस्त होतं, आमच्या घरासाठी नव्हतं. मामा अजून पाच वर्षं तग धरून राहिला असता तर, असा विचार आईने कधी बोलून दाखवला नाही पण तिच्या डोक्यात येतो हे मला माहितीये.

अजून एक गोष्ट, जी जेनेरिकच्या, म्हणजे मूळ कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेल्या त्याच औषधाच्या, बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत, पण मी जेनेरिकच्या बाजूची असूनही सांगणार. त्या पहिल्या स्वस्त गोळीतलं स्टॅव्हुडिन वाईट होतं. जीव वाचवायचं, पण दोन-चार वर्षांत गालातली चरबी जायची, हातापायांच्या शिरा वर यायच्या, तळपायांची आग आग व्हायची. माझ्याकडे जुने पेशंट आहेत, त्यांचे गाल बसलेत ते बसलेतच, औषध बदलूनही भरले नाहीत. आणि गावात लोक त्या गालांवरून ओळखायला लागले होते. एक काका मला म्हणाले होते, "मॅडम, बाटली लपवता येते, थोबाड कुठे लपवू." श्रीमंत देश तोवर टेनोफोव्हिरवर गेले होते. डब्ल्यूएचओने २००९ मध्ये स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा सांगितलं, तरी गरीब देशांत ते रेंगाळलं, कारण दुसरी गोळी महाग होती. म्हणजे गरिबाला औषध मिळालं, पण जुनं. नवीन औषध गरिबाला *किती वर्षांनी* मिळतं हा खरा हिशोब आहे आणि तो पेटंटशी बांधलेला आहे.

कारण २००५ मध्ये आपला कायदा बदलला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे पदार्थावर पेटंट द्यायला लागलं. संसदेत तेव्हा भांडून एक कलम घातलं गेलं, ३(ड), की जुन्याच औषधात बारीक फेरफार करून नवीन पेटंट मिळणार नाही, रोगावर गुण जास्त येतो हे दाखवावं लागेल. यावरच सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिसची कॅन्सरच्या औषधाची केस गेली आणि १ एप्रिल २०१३ ला कंपनी हरली. पण त्याच्या आधीच, २००८ मध्ये, लहान मुलांच्या नेव्हिरापिन सिरपवरचं पेटंट नाकारलं गेलं होतं, आणि त्याला आक्षेप घेणारे कोण होते तर इथलेच पॉझिटिव्ह लोकांचे गट. ज्यांना घरी नाव सांगायची भीती वाटते त्या माणसांनी पेटंट ऑफिसात जाऊन आंतरराष्ट्रीय कंपनीच्या अर्जावर हरकत घेतली. मला याचा फार अभिमान वाटतो.

जिंकलं म्हणून सुखाने मालही जात नव्हता. २००८-०९ मध्ये नेदरलँड्सच्या कस्टमने भारतातून दुसऱ्या गरीब देशांत जाणारी औषधं मध्येच पकडायला सुरुवात केली, पेटंटचं कारण सांगून, जिथून निघाली तिथे पेटंट नाही, जिथे जाणार तिथे नाही, फक्त मध्ये विमान थांबलं म्हणून. नायजेरियाला जाणारं अबाकॅव्हिरही असंच अडकलं, ते एचआयव्हीच्याच पेशंटसाठी होतं.

मुलांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान मुलांना आधी एक सिरप असायचं, लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर, त्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल आणि चव अशी कडू-जळजळीत की मूल बाटली बघूनच ओठ मिटायचं. फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि फ्रीज कोणाकडे असतो. एक आजी नातवाला मांडीत दाबून, नाक धरून द्यायची आणि स्वतः रडायची. २०२० च्या शेवटी डोल्युटेग्राव्हिरची मुलांची गोळी आली, १० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची. बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स. या गोळीची किंमत एका मुलामागे वर्षाला साधारण ३६ डॉलर ठरली. चमचाभर पाण्यात टाकली की गोडसर वास येतो.

मोठ्यांची आताची गोळी, जी त्या मुलीच्या हातात मी दिली, ती टीएलडी. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. यातलं डोल्युटेग्राव्हिर पेटंटचं होतं, पण २०१४ मध्ये मूळ कंपनीने मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेला लायसन्स दिलं, पूल ते जेनेरिक कंपन्यांना देतो, त्या थोडी रॉयल्टी देऊन किंवा न देताही बनवतात. २०१७ मध्ये ही गोळी वर्षाला ७५ डॉलर ठरली, २०२३ मध्ये ग्लोबल फंडाला ४५ च्या खाली मिळाली. म्हणजे त्या मुलीला उत्तर द्यायचं तर, जगातले गरीब देश ही गोळी २०२३ च्या भावाने वर्षाला पावणेचार हजारांच्या आत घेत होते. महिन्याला तीनशे. जिथे एकेकाळी वर्षाला सात लाख होते. २०२४ मध्ये जगात ३ कोटी १६ लाख लोक उपचारावर होते, आणि गरीब देशांतल्या गोळ्यांचा फार मोठा वाटा भारतात बनलेला आहे.

लायसन्सची पद्धत मला पूर्ण पटत नाही हेही सांगते. कारण कुठला देश यादीत आणि कुठला बाहेर हे कंपनी ठरवते. कोलंबिया डोल्युटेग्राव्हिरच्या यादीबाहेर राहिला, म्हणून २०२४ मध्ये त्यांना सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्याला न विचारता सरकारने दिलेला परवाना, काढावं लागलं. थायलंडने २००६ मध्ये, ब्राझीलने २००७ मध्ये एफाव्हिरेंझ या एचआयव्हीच्याच औषधासाठी तेच केलं होतं आणि माल भारतातून नेला होता. आता लेनाकॅपाव्हिर आलंय, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, लागण होऊच नये म्हणून. साऊथ आफ्रिका आणि युगांडात २१३४ तरुण मुली-बायकांना दिलं आणि एकीलाही लागण झाली नाही. एकीलाही नाही. मी तो आकडा दोनदा वाचला. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने १२० देशांसाठी सहा जेनेरिक कंपन्यांना लायसन्स दिलं, त्यात आपली पुण्याची एमक्युअर आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की हैदराबादच्या दोन कंपन्यांचं जेनेरिक २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला मिळेल. तेच औषध, सातशेपट फरक. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू यादीत नाहीत, आणि ट्रायल तर त्यांच्याही माणसांवर झाली होती. स्वतःच्या अंगात सुई टोचून घेतली त्यांनी, आणि औषध आल्यावर नाव नाही. हे चूक आहे, आणि याला दुसरा शब्द नाही.

आणि "कधी बंद झाली तर" हा तिचा प्रश्नही पोकळ नाही. २०२२ मध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत पेशंट नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिसात धरणं धरून बसले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकदम थांबवली तेव्हा आफ्रिकेत क्लिनिकची दारं बंद झाली, माणसं बाटलीत किती उरल्यात ते मोजत बसली. गोळी स्वस्त असली तरी ती आणणारी गाडी, देणारी नर्स, मोजणारी माझ्यासारखी, यांचे पगार कोणीतरी द्यावे लागतात.

परवा ती मुलगी परत आली. दुपारची वेळ होती, रांग नव्हती, मी तिला आत बोलावून बसवलं आणि यातलं जमेल तेवढं सांगितलं. किंमत सांगितली. मामाचं सांगितलं, जे मी पेशंटला कधी सांगत नाही. मोबाईलवर तो मंडेलांचा फोटो दाखवला, खायेलित्शातला. तिने फोटो मोठा करून बघितला, मागे उभ्या असलेल्या बायका बघितल्या. मग रोलमधला कापूस तोडून बाटलीत भरता भरता म्हणाली, "ताई, तिकडच्या बायकापण बाटलीत कापूस घालत असतील का हो?"

मी म्हटलं, घालत असतील.

तिने बाटली कानाजवळ नेऊन हलवली, अजून थोडा कापूस घेतला.